एकतीस पांढरे शर्ट

रुवी, मस्कत
शुक्रवार, ७ फेब्रुवारी २०२५

प्रिय दादा,
सप्रेम जयभीम.

हे कागद बघून तू आधी श्रुतीवर ओरडशील. ओरडू नकोस, तिला मीच गळ घातली. मी कागदावर लिहायचं, फोनने फोटो काढून तिला पाठवायचे, तिने झेरॉक्सवाल्याकडे प्रिंट काढून तुझ्या मशीनवर आणून ठेवायचे, असा आम्हा काका-पुतणीचा बेत ठरला आहे. फोन केला असता तर तू माझा आवाज ऐकून ठेवून दिला असतास. कागद तू फेकणार नाहीस. बटणांच्या पाकिटाची पावतीसुद्धा वर्षभर तारेला टोचून ठेवणारा माणूस तू.

मी वीस मार्चला येतोय. सुट्टीवर. इथे जायचं ठरलं की माणसं महिनाभर आधीपासून बाजारात हिंडायला लागतात, आणि मीही त्यातलाच. दर शुक्रवारी खोलीतले आम्ही चौघे रुवीच्या मोठ्या रस्त्यावर या टोकापासून त्या टोकापर्यंत जातो आणि बहुतेक वेळा रिकाम्या हाताने परत येतो. खिसा बेताचा आणि याद्या लांबलचक. आमच्या हिला, नम्रताला, मऊ ब्लँकेट हवं आहे, खेडला तिच्या आईच्या घरी ते कुणाला आणि कुठल्या थंडीत लागणार ते तिलाच ठाऊक. नंदावहिनीसाठी मी इथल्या मत्रा बंदराजवळच्या जुन्या बाजारातून लोबान आणि तो जाळायचं मातीचं भांडं घेतलं. रंगीत आहे, चांगलं दिसतं. दुकानदार तीन रियाल म्हणाला, मी तीनदा पायऱ्या उतरलो, त्याने तीनदा हाक मारली, शेवटी दीड रियालात दिलं. श्रुतीला अत्तर. वाडीतल्या पोरांना किलोवारी चॉकलेटं.

एक गंमत सांगतो. 'सगळं एक रियाल'वाल्या दुकानात छान जाडजूड टॉवेल दिसला. घरी न्यायला म्हणून उचलला आणि लेबल वाचलं तर सोलापूरचा. तो समुद्र ओलांडून आला, मी पण ओलांडून आलो, आता आम्ही दोघांनी एकाच विमानाने परत जायचं का? ठेवून दिला.

कपड्यांचं मात्र जमत नाही. दोन-दोन रियालात शर्ट मिळतात, वरून झकास. पण मी काय करतो, शर्ट हातात आला की आधी उलटा करतो. आत बघितलं की धागे लोंबत असतात, बगलेत शिलाईच्या आत जादा कापडाची माया म्हणून सोडलेली नसते. परवा एका दुकानदाराने माझ्या हातातून शर्ट ओढून घेतला आणि म्हणाला, घ्यायचा असेल तर सरळ बाजूने बघ. आता तूच सांग, तू शिकवलेला माणूस सरळ बाजूने कसा बघेल?

म्हणून ठरवलं की तुझ्यासाठी तयार काही आणायचं नाही. इथेच चांगल्या कापडाचा शर्ट शिवून आणतो. नऊ वर्षांपूर्वीचं तुझं माप मला पाठ आहे, छाती चाळीस, खांदा अठरा. पण नऊ वर्षांत माणूस सुटतो. तेव्हा नवं माप पाठव. पत्राला उत्तर दे असं मी म्हणत नाही. फक्त माप.

वहिनीला नमस्कार सांग.

तुझा,
अमरदीप


रुवी, मस्कत
शुक्रवार, २१ फेब्रुवारी २०२५

प्रिय दादा,
सप्रेम जयभीम.

माप मिळालं. श्रुतीने चिठ्ठीचा फोटो पाठवला. चिठ्ठीवर माझं नाव नाही, तुझं नाव नाही, तारीखही नाही. तरी मी ती दिवसभर शर्टाच्या खिशात ठेवल्यासारखी फोनमध्ये उघडून उघडून बघत होतो. नऊ वर्षांत तुझ्याकडून आलेला हा पहिला शब्द, मग तो इंचात का असेना.

मग संध्याकाळी दुकानात कापड पुढ्यात घेऊन बसलो आणि चिठ्ठी नीट वाचली. लांबी एकोणतीस. छाती छत्तीस. खांदा सतरा. खाली लिहिलं आहे, 'उजवा खांदा अर्धा इंच खाली.' आणि अक्षर श्रुतीचं.

दादा, तू आयुष्यात कुणाला माप लिहायला दिलं नाहीस. मी दहा वर्षं तुझ्या शेजारी बसलो तरी मोठ्या गिऱ्हाइकाचं माप तूच घ्यायचास आणि तूच लिहायचास. चाळीसाची छाती छत्तीस होते ती उपासाने नाही. आणि माणसाचा एकच खांदा असा खाली येतो तेव्हा त्या बाजूच्या हाताचं काय झालेलं असतं, हे आपल्या धंद्यातल्या माणसाला कुणी सांगावं लागत नाही. मी लगेच श्रुतीला फोन केला. ती आधी टाळत होती. मग रडली.

गेल्या ऑक्टोबरात तुला लकव्याचा झटका आला, पंधरा दिवस तू सिव्हिलमध्ये होतास, आणि मला कुणी कळवलं नाही. कळवायचं नाही असं तूच बजावलं होतंस म्हणे. तुझा राग मला मान्य आहे, पण हे मान्य नाही. तुला काही झालं असतं तर मी इथे ब्लँकेटचे भाव विचारत हिंडत बसलो असतो. हे लिहिताना मला तुझा भयंकर राग येतोय, आणि तो इथेच लिहून ठेवतो म्हणजे घरी आल्यावर बोलायला लागणार नाही.

श्रुती म्हणाली, बाबा मशीन चालवतात, पाय चांगला आहे, सरळ शिलाई घालतात. पण उजव्या हातात कात्री धरवत नाही. त्यामुळे दुकानात नवं कापड येत नाही, चेन बदलणं आणि पँट आखूड करणं एवढंच चालतं. मिरकरवाड्याच्या उतारावरचं आपलं दुकान आणि त्यात तू दुसऱ्याच्या पँटी आखूड करत बसला आहेस, हे चित्र डोळ्यांपुढून हलत नाही.

आता माझंही खरं सांगतो. मी सुट्टीवर येत नाही. कायमचा येतोय. आमचा मालक म्हातारा झाला, त्याच्या मुलाला दिशदाशे, म्हणजे इथल्या पुरुषांचे पायघोळ झगे, शिवण्यात रस नाही, त्याला तिथे मोबाइलचं दुकान टाकायचं आहे. पहिल्या पत्रात सुट्टी लिहिली कारण 'कायमचा' लिहिलं असतं तर तू पुढचा प्रश्न विचारला असतास, की मग करणार काय. नम्रता म्हणते खेडला एस.टी. स्टँडजवळ गाळा बघू. मी हो म्हटलं आहे.

पण मला खेडला गाळा नको आहे, दादा. मला तुझ्या शेजारच्या मशीनवर बसायचं आहे. तू शिवायचं आणि मी कापायचं, पूर्वीसारखं. हे मागायचा मला हक्क नाही, का नाही ते पुढच्या पत्रात लिहितो. आज हात चालत नाही.

तुझा,
अमरदीप


रुवी, मस्कत
शुक्रवार, ७ मार्च २०२५

प्रिय दादा,
सप्रेम जयभीम.

दोन आठवडे लागले लिहायला. मधे तुझा शर्ट कापला, शिवला. उजव्या खांद्याला आतून एक पातळ पट्टी घातली आहे, घातल्यावर कुणाला फरक कळणार नाही.

आता ते सांगतो. तुला त्यातलं बरंचसं माहीत आहे, पण मला ते माझ्या हाताने लिहायचं आहे.

दोन हजार सोळा. बाबासाहेबांच्या जयंतीचं सव्वाशेवं वर्ष. वाडीने ठरवलं की मिरवणुकीत सगळ्या पुरुषांनी एकाच कापडाचे पांढरे शर्ट घालायचे, आणि ते आपल्या दुकानात शिवायचे. एकतीस शर्ट. तू मला म्हणालास, वाडीचं काम आहे, मापं तू घे. एवढं मोठं काम तू पहिल्यांदा माझ्यावर सोपवलंस. मी घरोघर जाऊन मापं घेतली आणि एकतीसच्या एकतीस कापले. तू मला पहिल्या दिवशी शिकवलं होतंस की कापायच्या आधी नावाची चिठ्ठी टाचायची. मी एकालाही टाचली नाही. मला मिजास होती. कापलेली कॉलर हातात घेतली की कुणाची ते सांगतो म्हणायचो, आणि सांगायचोही.

आठ एप्रिलला मी निघून गेलो. तुला सांगितलं की एजंटचा अचानक फोन आला. खोटं होतं ते. तारीख मला महिनाभर आधीपासून माहीत होती. सांगितलं असतं तर तू म्हणाला असतास, चौदा झाल्यावर जा, आणि मला भीती होती की मग मी कधीच जाणार नाही.

आणि दुसरं. हे तुला ठाऊक नाही. मापांची वही माझ्या बॅगेत होती. मुद्दाम नेली नव्हती, कागदपत्रांबरोबर आली. मस्कतला पोचलो त्याच्या दुसऱ्या दिवशी, दहा तारखेला, ती माझ्या हातात पडली. पुढ्यात चार दिवस होते. फोन लावून एकतीस नावं आणि एकतीस मापं वाचून दाखवायला अर्धा तास पुरला असता. बूथ खोलीच्या खालीच होता. मी दोनदा उतरलो आणि दोनदा वर आलो. तू काय बोलशील याची मला भीती वाटली. तेवढ्या भीतीपायी मी तुला एकतीस बिननावाच्या गाठोड्यांसमोर एकटं बसवलं.

मग कुणीतरी फेसबुकवर मिरवणुकीचे फोटो टाकले. मी एक एक शर्ट ओळखला. रामाकाकाच्या अंगावर सुजयचा शर्ट, बाह्या बोटांच्या खाली. सुजयच्या अंगावर कुणा पोराचा, पोटावरची बटणं जेमतेम लागलेली. अख्खी मिरवणूक एकमेकांच्या शर्टात चालली होती आणि तू निशाणाच्या मागे मान खाली घालून. मला आधी हसू आलं, खोटं कशाला बोलू. मग मी न्हाणीघरात जाऊन नळ सोडला आणि पुष्कळ रडलो. शर्ट चौदाच्या सकाळी जेमतेम पुरे झाले, घालून बघून बदलायला वेळ उरला नाही, लोक तुला हसले, शर्टांची शिलाई तू घेतली नाहीस, आणि त्यानंतर वाडी बाजारातून तयार कपडे आणायला लागली, हे सगळं मला नम्रताकडून कळत गेलं.

दोनदा सुट्टीवर आलो तेव्हा दुकानाच्या दारात उभा राहिलो. तू मान वर केली नाहीस. बरोबर केलंस.

आता माझं म्हणणं ऐक. गेल्या शुक्रवारी मी बाजारात शेवटचा गेलो. ब्लँकेट घेतलं नाही. आमच्या मालकाचे पांढऱ्या कापडाचे दोन तागे उरले होते, तेच कापड ज्याचे इथल्या मोठ्या लोकांचे दिशदाशे होतात. कितीही धुतलं तरी पिवळं पडत नाही. ते त्याच्याकडून घासाघीस करून घेतलं. पन्नास मीटर. वजन पंधरा किलो भरतं, आणि विमानात तीस किलोच नेता येतात. म्हणजे अर्धी पेटी कापड आणि उरलेल्या अर्ध्या पेटीत नऊ वर्षं. नम्रताला फोनवर सांगितलं. ती म्हणाली, ब्लँकेट मेलं राहू दे, पण हे शर्ट शिवल्याशिवाय खेडला येऊ नका.

मला ते एकतीस शर्ट परत शिवायचे आहेत, या चौदा एप्रिलला, ज्याचा त्याला, मापात. मी कापीन, तू शिव. पण मापं नऊ वर्षांची जुनी, आणि वाडीत माझ्यासाठी दार उघडायला सांगायचं मला तोंड नाही. ते फक्त तू करू शकतोस. तू नाही म्हणालास तर कापड तुझ्या दारात ठेवून मी खेडला जाईन. वाईट वाटून घेणार नाही. वाटेल, पण तुला कळू देणार नाही.

तुझा,
अमरदीप


रुवी, मस्कत
शुक्रवार, २१ मार्च २०२५

प्रिय दादा,
सप्रेम जयभीम.

काल मी तुझ्या पुढ्यात असायला हवा होतो. नाही आलो. श्रुती सांगते, बाबा पत्रं वाचतात, घडी घालतात, मशीनच्या खणात ठेवतात, बोलत काही नाहीत. आज सकाळी तू तिला विचारलंस म्हणे, 'आला नाय?' एवढंच विचारलंस, आणि ते ऐकून मी लगेच लिहायला बसलो.

पुन्हा पळालो असं समजू नकोस. झालं असं, की रमजान सुरू झाल्यावर ईदचं काम आलं. मालकाने सांगितलं होतं की नव्या ऑर्डरी घेणार नाही, पण जुनी गिऱ्हाइकं दुकान बंद होणार म्हणून शेवटचा म्हणून एक एक दिशदाशा टाकून गेली. चौसष्ट झाले. आम्ही कारागीर दोघेच, आणि त्यातला बांगलादेशी पंधरा तारखेला आजारी पडला. चौसष्टपैकी चाळीस माझ्या हातचे कापलेले, टेबलावर पडलेले. माझं तिकीट खिशात होतं. मालक म्हणाला, जा, तू आधी सांगितलं होतंस, मी अडवणार नाही.

मी पेटी बांधली होती. त्या टेबलाकडे बघितलं. सगळ्या गाठोड्यांना चिठ्ठ्या आहेत हं, नऊ वर्षांत एकही चुकवली नाही. पण चिठ्ठी असली म्हणून कापड आपोआप शिवलं जात नाही. मला वाटलं, जे करून घरातून निघालो तेच करून घरी जायचं, मग मधल्या नऊ वर्षांत मी शिकलो काय? तिकीट बदललं. बदलायला पैसे गेले, त्यापायी श्रुतीचं अत्तर परत करावं लागलं. तिला सांग, काका रत्नागिरीत घेऊन देईल.

ईद इथे तीस किंवा एकतीसला असेल. मी दोन एप्रिलला निघतो, चार तारखेला रत्नागिरीत. चौदाला मधे दहाच दिवस राहतात. एवढ्यात एकतीस शर्ट होतील का, मला माहीत नाही. तुझा हात आधीच धड नाही. आणि तुला वाटू शकतं की वाडीपेक्षा याला परक्यांची ईद मोठी झाली. मी फक्त झालं ते सांगितलं.

तू काही न कळवता गप्प राहिलास तरी मी येणारच आहे. पण कळवलंस तर हा प्रवास सोपा होईल.

तुझा,
अमरदीप


रत्नागिरी
२५ मार्च २०२५

चि. अमर,
जयभीम.

श्रुती लिवतेय, मी सांगतोय. तिला म्हटलाय, मी बोलतो तसाच लिव, शाळेतला करू नको.

तुजी चारी पत्रा मिळाली. वाचली. तू पयल्यापास्नं लई बोलतोस, लिवतोस पन तसाच.

वहीचा मना ठाऊक होता. सगला दुकान उलटा केला, वही नाय, म्हंजे ती तुज्याकडंच. तेवा मी फोन मशीनवर ठेवला. सहा दिस तितंच होता. शिवताना एक डोला त्याच्यावर. वाटत होता, आता लावशील, मग लावशील. चिट्ठ्या इसरल्या ता चालला असता, चूक कोनाची होत नाय? गेलास त्याचा पन एवडा नाय. फोन केला नायस त्याचा राग होता. आता तू सोता लिवलास. बरा केलास. ह्याच्यापुडं त्यावर बोलायचा नाय.

ईदचा काम पुरा करूनच ये. कापलेला टाकून आला असतास तर मी दुकानात पाय ठेवू दिला नसता. चार तारीख बरी हाय. दहा दिसांत होता काम, तू कापलास की मी शिवीन. हलू हलू शिवतो, पन शिलाई सरल येते.

आजाराचा कलवला नाय, ती माजी चूक. वहिनी रोज बोलते त्याच्यावरनं, आता तू नको बोलूस.

काल रविवार नव्हता, तरी समाजमंदिरात सगल्यांना बोलावला. उभा ऱ्हायलो आनि सांगितला की आमचा अमर येतोय, एकतीस शर्ट परत शिवायचेत. त्या एकतिसातले चार जन आता नायत, दोगं मुंबईला. पंचवीस ऱ्हायले. बाकीचा कापड नव्या पोरांना. मग सुजय हसला आनि म्हनालान, ह्या वेली बटना लागतील ना? सगले हसले. मना पन हसू आला.

रामाकाका तेवडा हसला नाय. तो म्हनालान, काशीराम, तुजा हात असा, कापनार तो, आनि तो गेल्या खेपेसारखा निगून गेला तर? मग मी तुजा चौथा पत्र खिशातनं काडला आनि श्रुतीला वाचायला दिला. चालीस दिशदाशे पुरे करायला तिकीट बदललास, तितपरेंत तिनं वाचलान. मी म्हटला, परक्यांचा टाकला नाय त्यानं, आपला टाकनार नाय. मी जामीन हाय.

रामाकाका उटला, सदऱ्याची वरची दोन बटना सोडली, दोनी हात बाजूला केले आनि श्रुतीला म्हनालान, घे गो बाय, माजा माप पयला घे.

काशीराम